राईच्या कुंपणाबाहेरची सात झाडं

परत आलात की सगळं नीट लिहून काढा, असं मी निघतानाच शालिनीने बजावलं होतं. "तुम्ही तोंडाने काही सांगत नाही, भाई. निदान लिहा तरी." शालिनी माझ्या धाकट्या भावाची, वसंताची बायको. वसंता गेल्या श्रावणात गेला. देवळामागच्या उतारावर पाहुण्यांना पक्षी दाखवत असताना खाली बसला, आणि उठला नाही. म्हणून हे लिहिणं तिच्यासाठी आहे, आणि आमच्या वाचनालयात येणाऱ्या, मुंबई न पाहिलेल्या चार जणांसाठीही.

मुंबईला का जावं लागलं ते आधी सांगतो. आमचं गाव सावंतवाडीच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी. देवळामागे देवराई आहे. तिथली काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. पण राईच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून, बाहेरच्या बाजूला, बेहड्याची सात जुनी झाडं आहेत. ती देवाची नाहीत, गावाची आहेत. त्यांच्या ढोल्यांत धनेश घरटी करतात. आमच्याकडे त्यांना ककणेर म्हणतात. मादी ढोलीत शिरते, दार आतून लिंपून घेते आणि एक फट ठेवते. नर तीन महिने त्या फटीतून तिला भरवतो. हे बघायला लांबून माणसं येतात, आमच्या पाच घरांत उतरतात, जेवतात. हे सगळं वसंताने उभं केलं. झाडाखाली पडलेली बेहड्याची फळं बायका वेचून वाळवतात, ती मुंबईला औषधवाल्याकडे जातात. तेही त्यानेच जुळवलं.

आता मुंबईत स्थायिक झालेल्या गावकऱ्यांच्या मंडळाने देवळापुढे सिमेंटचा सभामंडप बांधायचं ठरवलं होतं. एक कंत्राटदार त्या सात झाडांच्या बदल्यात मंडप बांधून द्यायला तयार होता. जागा सामाईक, सातबाऱ्यावर नावं बहुतेक मुंबईकरांची. रविवारी लालबागला सभा होती, तिथे होकार दिला की संपलं. दरवर्षी सभेला वसंता जायचा. तो बोलायचा, भांडायचा, हसवायचा. मी तालुक्याच्या वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. त्या कामात फारसं बोलावं लागत नाही.

गुरुवार, दादर

प्रवासाचं वर्णन करत नाही. गाडीत बसलो आणि सकाळी दादरला उतरलो. हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात वाळवलेल्या बेहड्यांची पिशवी आणि खिशात चार घड्या घातलेला कागद. सभेत मांडायचे अकरा मुद्दे मी त्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहून आणले होते.

फुलबाजाराच्या कडेला एक बाई पळसाच्या फुलांचे वाटे लावून बसली होती. बाजूला बेलाच्या जुड्या आणि कसल्याशा मुळ्या. मी थांबून बघत राहिलो, तेव्हा ती म्हणाली, "काय बघतो बाबा? घे की. होळीला रंग होतो."

"कुठून आणता हे?"

"डोंगरातनं. पहाटेची गाडी धरते. फांदी नाय तोडत हां, खाली पडलेलीच गोळा करते. फांदी तोडली तर पुढल्या वर्षी मी काय विकू, दगड?"

मी फुलांचा एक वाटा घेतला. घेऊन करायचं काय, हे कळेना. शेवटी तसाच हातात धरून प्रभाकरच्या घरी पोचलो.

प्रभाकर माझा चुलतभाऊ, मंडळाचा सेक्रेटरी. लालबागला त्याची चाळ पाडून उंच इमारत झाली, तिच्या बाविसाव्या मजल्यावर तो राहतो. दार उघडल्या उघडल्या सुनंदावहिनी म्हणाल्या, "अगोबाई, भाई फुलं घेऊन आले! लग्नानंतर ह्यांनी कधी आणली नाहीत." मी लाजून फुलं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती काचेच्या बरणीत पाण्यात ठेवली आणि रविवारपर्यंत ती तिथेच होती.

त्यांच्या खिडकीतून खाली पाहिलं तर घार उडत होती. तिची पाठ दिसत होती. सगळ्या आयुष्यात मी घारीचं पोटच पाहिलं होतं. किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. मागून प्रभाकर म्हणाला, "भाई, चक्कर येईल. सगळ्यांना पहिल्या दिवशी येते." त्याला वाटलं मी उंचीला घाबरलो.

दुपारी बांगड्याचं तिखलं होतं. आमच्याकडे होतं तसंच, तिरफळं घातलेलं. फक्त भात वेगळा होता, बारीक आणि सुटा. जेवताना प्रभाकरने विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. ज्याच्या ताटात जेवतो आहे त्याच्याविरुद्ध रविवारी बोलायचं आहे, या विचाराने मी दुसऱ्यांदा भात मागितला नाही. वहिनी मात्र वाढत राहिल्या.

शुक्रवार, लालबाग

हे मसाल्याचे दिवस. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत शिरायच्या आधीच डोळ्यांना पाणी येतं. बायका मिरच्या, धणे, दगडफूल, बडीशेप भाजून डबे घेऊन रांगेत उभ्या असतात, आणि आत लोखंडी डंख, म्हणजे यंत्राची मुसळं, एका लयीत मसाला कुटत असतात. आमच्याकडे शालिनी उखळात कुटते, तेव्हा अर्ध्या वाडीला ठसका लागतो. इथे अख्ख्या रस्त्याला लागतो आणि कुणी तक्रार करत नाही.

सुनंदावहिनींचा डबा मी घेऊन चाललो होतो. चार पिशव्या, एक डबा. गिरणीवर सगळं ओतून दिलं आणि बाजूला झालो. तेवढ्यात तिथल्या बाईने ओरडून विचारलं, "ओ मालवणी काका! हे जायफळ कुठल्या जमान्यातलं? सडलंय सगळं!"

पाहतो तर तिच्या घमेल्यात माझे बेहडे. उद्या औषधवाल्याला दाखवायचा वानवळा वहिनींच्या पिशव्यांबरोबर उचलून मी मसाल्यात ओतून दिला होता. आणखी एक क्षण गेला असता तर प्रभाकरच्या घरी वर्षभर बेहड्याचा मसाला झाला असता.

"ते बेहडे आहेत," मी म्हणालो. "औषधाला लागतात. खोकल्याला."

"मग राहू द्या की! आमच्या मसाल्याने खोकला लागतो, तुमच्याने जाईल." रांगेतल्या बायका हसल्या. त्यांतल्या दोघी घमेल्यापाशी बसल्या आणि मिरच्यांतून बेहडे निवडून देऊ लागल्या. एकीने एक उचलून पाहिला आणि हळूच म्हणाली, "आमच्या गावाला होती ही झाडं. कणकवलीजवळ. आता नाहीत." तिने तो पुसून माझ्या पिशवीत टाकला.

संध्याकाळी प्रभाकर मला इमारतीखालच्या बाकावर घेऊन बसला. आता तो विषयावर आला.

"भाई, तुमचा राग आहे माझ्यावर. मला कळतंय."

"राग नाही."

"ऐका तर. आमचं गावात काय उरलंय? सातबाऱ्यावर नाव, आणि जत्रेत पाच मिनिटं पालखीला खांदा. माझी मुलगी आठ वर्षांत आली नाही. म्हणते, तिथे बसायला जागा नाही, उन्हात उभं राहायचं आणि परत यायचं. मंडप झाला तर लग्नं होतील, कार्यं होतील. आमची पुढची पिढी येईल तरी. तुम्हाला झाडं दिसतात. मला रिकामं देऊळ दिसतं."

मी विचारलं, "ककणेर पाहिलायस तू?"

"लहानपणी आवाज ऐकायचो. पंखांचा. गाडी आल्यासारखा." तो जरा थांबला. "दिसला नाही कधी. वसंता म्हणायचा, मे महिन्यात ये, दाखवतो. मे महिन्यात नेमकं काहीतरी निघायचं."

वसंताचं नाव त्याच्या तोंडून निघालं, तेव्हा तोही रडवेला झालाय हे माझ्या लक्षात आलं. गेले आठ महिने दुःख आपल्या एकट्याच्या घरात आहे असं धरून चाललो होतो.

शनिवार, गिरगाव आणि वरळी

गिरगाव मला पाठ होतं, पण फक्त पुस्तकांच्या पहिल्या पानांवरून. जुन्या पुस्तकांवर खाली बारीक अक्षरात 'गिरगाव, मुंबई ४' असं छापलेलं असायचं. तीस वर्षं ते वाचून माझी समजूत झाली होती की तिथे घराघरांतून पुस्तकंच ठेवलेली असणार. प्रत्यक्षात लुगड्यांची दुकानं, मिठाई, दवाखाने. तरी एका खाणावळीत पियूष आणि साबुदाणा वडा खाल्ला, आणि शेजारच्या टेबलावरचे आजोबा जेवताना मासिक वाचत होते. तेवढ्याने माझं समाधान झालं.

काष्ठौषधींचं दुकान एका आडव्या गल्लीत होतं. दुकानाचे मालक सत्तरीचे, पांढरा सदरा, नाकावर चष्मा. वसंताच्या जागी मी आलोय हे सांगितल्यावर त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. एक बेहडा फोडला, वास घेतला, सालीचा तुकडा जिभेवर ठेवला आणि भुवया उंचावल्या.

"माल चांगला. नेहमीचाच. पण याला जरा मिरचीचा वास कसा?"

मी लालबागची हकीकत सांगितली. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग मी सभेची गोष्ट सांगितली.

"तोडणार?" ते म्हणाले. "लोक माझ्याकडे बेहडे आणतात, अर्धे कच्चे, फांद्या झोडपून पाडलेले. तुमच्या बायका गळून पडलेले वेचतात, चटईवर वाळवतात. तुमचा भाऊ म्हणायचा, पहिली फळं पक्ष्याची, मग आमची. मी म्हटलं, असं म्हणणारा माणूस भेसळ करणार नाही. झाडं गेली तर मला दुसरीकडे माल मिळेल हो. असा मिळणार नाही." पिशवी परत देताना त्यांनी एक बेहडा ठेवून घेतला आणि टेबलाच्या खणात टाकला.

तिथून वरळीच्या कोळीवाड्यात गेलो. वसंता एकदा तिथल्या एका घरी जाऊन आला होता आणि पाहुण्यांना घरचं जेवण घालायची कल्पना त्याने तिथूनच उचलली होती, म्हणून मला ते घर पाहायचं होतं. अरुंद गल्ल्या, दारात जाळी, दांड्यांवर वाळत घातलेले बोंबील. एका दारात हिरव्या लुगड्यातली बाई बोंबील उलटत होती. मी घराचा पत्ता विचारला तर म्हणाली, "हेच. जेवायला आला का? फोन करून यायचं, काका. आज जेवन नाय, आज कोळंबी सोलायचीय."

"जेवायला नाही. नुसतं बघायला."

"बघायला काय पैसं नाय. बसा."

तिच्याकडे रविवारी शहरातली माणसं येतात, होडी बघतात, भाकरी आणि कालवण जेवतात. मी विचारलं, वासाची तक्रार करत नाहीत?

"करतात ना! नाकाला रुमाल लावून येतात. एक म्हनली, मावशी, हे सुकत घालायचं जरा लांब नाय का करता येनार? मी म्हटलं, बाय, हे लांब केलं तर तू इथं कशाला येशील? माझा चेहरा बघायला?" ती खळखळून हसली. मग बोंबील उलटता उलटता, माझ्याकडे न पाहता तिने विचारलं, "ते उंच होते, मिशीवाले, पक्षीवाले, तुमच्यासारखेच नुसते बघायला आलेले, ते तुमचे कोन?"

"भाऊ."

"होते का आहेत?"

मी सांगितलं. ती उठली, आत गेली आणि सुक्या कोळंबीचे सोडे बांधलेली पुडी आणून माझ्या हातात ठेवली. "त्यांच्या बायकोला द्या. त्यांनी सांगितलेलं, तिला आवडतात."

रविवार, गावची खोली

ज्यांनी पाहिली नाही त्यांना गावची खोली म्हणजे काय ते सांगायला हवं. लालबागच्या एका जुन्या चाळीत एक खोली आमच्या गावाने मिळून घेतलेली आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावचे पुरुष तिथे पाळीपाळीने झोपत. खुंट्यांवर अजून नावं खरवडलेली आहेत. आता नोकरी शोधायला आलेली दोन-तीन मुलं तिथे राहतात, आणि वर्षातून एकदा सभा होते. भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर. सकाळी दहा वाजता तीस-पस्तीस माणसं त्या एका खोलीत आणि बाहेरच्या गॅलरीत बसली होती.

अध्यक्ष नाना. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, आवाज अजून साच्यांच्या खडखडाटातूनही ऐकू येईल असा. दाराशी खुर्चीवर गंगूकाकी, परळहून आलेल्या, सगळ्यांत वयस्क.

सभेच्या सुरुवातीला तसबिरीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची रीत आहे. एक जण देवाला उद्देशून बोलतो आणि प्रत्येक वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराचा. तो वसंता घालायचा. हे मला माहीत होतं, पण आता तो मान माझ्याकडे आला आहे हे डोक्यातच आलं नव्हतं.

"दत्तू, ऊठ," नाना म्हणाले.

"मी? मला येत नाही. आणि अजून वर्ष झालं नाही…"

"सुतक फिटलां मा?" गंगूकाकी म्हणाल्या. "मग ऊठ, झिला. देव वाट बघता."

नारळ हातात घेऊन उभा राहिलो. सुरुवातीच्या ओळी लहानपणापासून ऐकलेल्या, त्या आल्या.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां पोटासाठी परमुलखात येवन ऱ्हवली आसत."

"व्हय म्हाराजा!"

"हंय एकठंय बसान तुझी आठवण काढतत. ह्यो नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा!"

पुढचं आठवेना. काहीच आठवेना. कागद सदऱ्याच्या खिशात आणि दोन्ही हातांत नारळ. खोली थांबली होती. मला वसंताचा आवाज ऐकू येईना, फक्त तो कसा उभा राहायचा ते दिसत होतं. मग माझ्या तोंडून निघू लागलं ते कागदावरचं होतं, पण कागदावरच्या भाषेत नव्हतं.

"देवळाच्या पाठीमागे सात बेहडे आसत."

"व्हय म्हाराजा!"

"त्येंच्यातल्या ढोलीत तुझी लेक बाळंतीण होवन बसली आसा. दार लिंपून घेतल्यान आसा."

"व्हय म्हाराजा!" गॅलरीत कुणीतरी हसलं.

"तिचो घोव दिसभर रानात फिरता आणि फळां हाडून तिच्या चोचीत घालता. तिका बघूक लोक येतत, ते आमच्या पाच घरांत जेवतत. त्येंच्या जेवणार आमच्या चुली पेटतत."

"व्हय म्हाराजा!"

"माझो भाव ही वाट घालून गेलो."

या वेळी आवाज खाली आला. "व्हय म्हाराजा."

"आता त्या झाडांर कोणाची नजर गेली आसात, तर ती फिरव. ती झाडां तुझी म्हण. तुझ्या राईत घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्याने नाना.

मी नारळ ठेवला. मग जे झालं ते सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं.

"दत्तू, मेल्या," नाना म्हणाले, "ह्यां गाऱ्हाणां होतां की ठराव?"

"ठरवून नाही घातलं," मी म्हणालो. "पुढचं आठवेना म्हणून निघालं." हे खरं होतं, आणि माझा चेहरा पाहून त्यांना ते पटलंही असावं.

"नाना," गंगूकाकी दारातून म्हणाल्या, "माझ्या कानांक कमी आयकाक येता. तरी तुझां 'व्हय' माका आयकाक इलां."

"ती सवय गे, काकी! गाऱ्हाणां आयकलां की तोंडातसून येतांच!"

"मग देवाक तसां सांग. म्हणाचां, म्हाराजा, सवयीन म्हटलंय, मनार घेव नको."

खोलीत हशा पिकला. नानाही हसले, पण तसबिरीकडे पाहायचं टाळत हसले. मग सगळे प्रभाकरकडे बघू लागले. कंत्राटदाराचा कागद त्याच्या हातात होता. त्यानेही माझ्या प्रत्येक वाक्याला होकार भरला होता, मी पाहिलं होतं.

प्रभाकरने त्या कागदाची घडी घातली. "मंडपाचं मी सोडणार नाही," तो म्हणाला. "लहान करू, पत्र्याचा करू, वर्गणीने करू, उशिरा करू. पण करू. झाडांचं मात्र… देवासमोर बोललोय. मी नाही मोडणार. कुणाला मोडायचं असेल त्याने आत्ता उभं राहून सांगावं."

कुणी उभं राहिलं नाही. गॅलरीतून एक जण एवढंच म्हणाला, "पत्र्याचा मंडप जत्रेत तापतो हां." त्याला तीन जणांनी गप्प केलं.

इतिवृत्ताची वही पुढे आली. सात झाडं राईत धरावीत, गडगा त्यांच्या बाहेरून घालावा, असं प्रभाकरने लिहिलं. गावच्या घरातर्फे सही माझी. त्याच पानावर वर, मागच्या सभेच्या वृत्तांताखाली वसंताची सही होती, त्याच्या त्या धावत्या अक्षरात, शेवटचं वळण पानाबाहेर गेलेलं. मी खाली माझं नाव लिहिलं. मला वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

गॅलरीत आल्यावर प्रभाकर म्हणाला, "शालिनीला फोन लावा. सांगा, मे महिन्यात आम्ही तेरा जण येतोय. माझी मुलगीसुद्धा, मी बघतो कशी येत नाही ती. आणि पाहुण्यांकडून घेते तेवढेच घ्यायचे. घरचे म्हणून येणार नाही."

"स्वतःच्या गावात पैसे देऊन जेवणार?" नानांनी मागून टोमणा मारला. "चाकरमान्यांचां नाक कापलंस."

"नाना, तुम्ही धरून तेरा."

"मग माशाच्या दोन तुकड्या जास्त सांग."

शालिनीला फोन लावला तेव्हा ती उतारावर पाहुण्यांबरोबर होती. झाडांचं सांगितलं, राईत घेतली म्हणून सांगितलं. मग मी तेरा जणांचं सांगितलं.

"मे महिन्याच्या सुरुवातीला या म्हणावं," ती म्हणाली. आवाज जड होता, पण हिशोब सरळ होता. "नंतर पिल्लं बाहेर पडतात. मग बघायला नुसती झाडं."

मग तिने फोन बहुधा हातातच खाली धरला, कारण पुढचं मला लांबून ऐकू आलं. ती पाहुण्यांना सांगत होती, "झाडं राहिली."

त्यांना काय माहीत. त्यांतलं कुणीतरी अगदी मनापासून म्हणालं, "हो, छान आहेत ना."